सतरा बटणांचं घर

...आणि वर सून मलाच म्हणते, "आई, तुम्हीच दिवा बंद करता आणि तुम्हीच विसरता!" मी विसरते? मी? अहो, मला अक्षर ओळखता येत नाही, बसवरचं नाव वाचता येत नाही, पण साठ वर्षांपूर्वी माझ्या लग्नात कुठल्या मावशीने दोन वेळा बदक वाढून घेतलं ते मला आजही तोंडपाठ आहे, आणि मी म्हणे जिन्यातला दिवा विझवून विसरते! तुम्हाला सांगते, तो दिवा मी लावला. ह्या हाताने. लावला, चार पायऱ्या चढले, आणि मागे टक्! अंधार. खाली उतरले, पुन्हा लावला, पुन्हा चढले... टक्! तिसऱ्यांदा लावला आणि तिथेच उभी राहिले, बटणावर डोळे रोखून, म्हटलं बघतेच आता. आणि माझ्या डोळ्यांदेखत ते बटण खाली आलं. ह्या खेपेला टकसुद्धा नाही. हळूच, बोटाने दाबून धरून, म्हणजे समोरच्याला कळू नये. दिवा लावणारं माणूस तिथेच उभं असलं की असं चोरून बटण दाबणारा उभ्या जगात एकच होता, आमचा म्हातारा. आणि आमच्या म्हाताऱ्याला जाऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते!

गेलेल्या माणसाने गेल्यासारखं वागावं की नाही, तुम्हीच सांगा!

आता आमचं घर काही जगावेगळं नाही हो. तुमच्यासारखंच. दारात बुटांची रांग, बूट काढून सपाता घातल्याशिवाय आत पाऊल नाही, मग तो व्याही असो की नळ दुरुस्त करणारा. भांडी धुवायचं यंत्र आहे, बावीस वर्षांत एकदाही फिरवलेलं नाही, त्यात हाताने घासलेले वाडगे निथळत ठेवायचे, नाहीतर कशाला असतं ते? ओव्हनमध्ये कढया. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, पिशव्या ठेवायची एक पिशवी, आणि ती फाटू नये म्हणून तिला आणखी एक पिशवी. बिस्किटांच्या निळ्या डब्यात सुया-दोरे. थंडी वाजली तर स्वेटर घालायचा, जास्त वाजली तर दुसरा घालायचा, आणि घर गरम करायचं यंत्र आहे ते पाहुण्यांना दाखवायला. हे सगळं आमचं दोघांचं, माझंही आणि म्हाताऱ्याचंही. पण दिवे? दिवे हे एकट्या म्हाताऱ्याचं खातं!

सतरा बटणं आहेत घरात. दिवसातून तीनदा फेरी असायची त्याची, सपाता चटक-फरक, चटक-फरक, डावा पाय जरा ओढत. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की दारात उभा राहून त्या दिव्यालाच विचारायचा, "कोण बसलंय इथे?" दिवा काय बोलणार? टक्! एकदा मी न्हाणीघरात, तोंडाला साबण, आणि बाहेरून टक्! "अहो, मी आहे आत!" म्हटलं, तर म्हणतो कसा, "मग? स्वतःचं अंग सापडत नाही का तुला अंधारात?" मुलगा आ-हंग शाळेत होता तेव्हा पुस्तक घेऊन बसला की म्हातारा मागे उभा. "पान उलटताना उजेड कशाला लागतो?" लागतो का? तुम्हीच विचार करा, त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं...

तर ते असो. गेला तो कसा, तेही ऐका. दुपारचा भात झाला, आमचं सकाळपासून बोलणं नव्हतं, कारण मी वाळत घातलेली संत्र्याची सालं त्याने आत घेतली नाहीत आणि ती धुक्यात भिजली. माफी मागणं त्याच्या घराण्यात नाही, तो फळ सोलायचा. संत्रं सोललं, एकेक फोडीचा दोरा काढला, बशी माझ्यापुढे सरकवली, आणि म्हणाला, "ए... गॅरेजातला दिवा बंद केलास का?" मी म्हटलं, "केला." केला नव्हता हो! तोंडात फोड होती, उठायचा कंटाळा, म्हटलं केला. त्याने मान हलवली, मग मान खाली गेली, आणि मी आपली म्हणतेय, अहो, आडवे व्हा ना नीट, खुर्चीत काय झोपता... खाऊन झाल्यावर बशी उचलायला गेले तेव्हा कळलं.

त्याचं रीतसर सगळं केलं. कोल्म्याला, त्या कबरींच्या गावात, शवपेटी बंद व्हायच्या आधी नवे काळे कापडी जोडे मी माझ्या हाताने त्याच्या पायात घातले. तिकडे त्याला पोचावं म्हणून कागदाचं घर जाळलं, कागदाचा फ्रिज, कागदाचा टीव्ही. आता सातवा दिवस. सातव्या दिवशी माणूस एकदा घर बघायला येतो, हे आपल्याला माहीत असतं, फक्त किती वाजता येतो ते विचारावं लागतं. ते सांगतात सेक मास्तर, कागदी सामानाच्या दुकानात पंचांग घेऊन बसतात ते. त्यांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "दुपारी तीन ते पाच. दार लोटून ठेवा. आवडीचं ताट मांडा. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत जमिनीवर पिठाचा पातळ थर द्या, म्हणजे आला कधी, गेला कधी ते उमटेल. तुम्ही वर जाऊन डोक्यावरून रजई घेऊन बसा. डोकावायचं नाही, हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, रडायचं नाही. आणि देव्हाऱ्यापुढचा दिवा जळता राहू द्या, कारण येताना त्याला तोच उजेड आणि जाताना तोच."

सून पुई-सान तेव्हा पाच महिन्यांची गरोदर. लग्नानंतर नऊ वर्षांनी राहिलेलं, पोटाला तांबडी दोरी बांधलेली. पोटुशीने असल्या वेळी घरात थांबू नये म्हणून तिला सॅक्रामेंटोला तिच्या आईकडे पाठवलं. राहिलो मी आणि आ-हंग. मी पीठ पसरलं, भात, खारवलेला मासा, भोपळ्याचं सूप मांडलं, दिवा लावला. दिवा लावला! साठ वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याच्यासाठी मी रिकाम्या खोलीत दिवा लावून ठेवला! अक्कल कुठे गेली होती माझी?

त्या दुपारी धुकं असं खाली उतरलं होतं की समोरचं घर नाही, रस्ता नाही, समुद्राचा नुसता आवाज. आम्ही मायलेक एका रजईत. तो बेचाळीस वर्षांचा घोडा माझा हात धरून बसलेला. घरातलं सगळं बंद, फक्त खालच्या दिव्याची उजेडाची एक पट्टी आमच्या दाराखाली. साडेतीनला दार वाजलं. उघडलं, पण आत कोणी येईना. दारातच खुडबुड, कागद चुरगळल्यासारखा आवाज... आ-हंग माझ्या कानात म्हणतो, "आई, चोर असेल." मी म्हटलं, "चोर एवढा वेळ दारात काय करतो?" आणि मग ऐकू आलं. चटक-फरक. चटक-फरक. डावा पाय ओढत.

मी रजई आणखी घट्ट ओढून घेतली.

खुर्ची सरकली. सूप ओढलं. मोठ्याने, भुर्रर्रर्र करून, जसं तो ओढायचा आणि सून डोळे मिटून घ्यायची. मग स्वयंपाकघरातला नळ. सहा महिने टपकत होता, तीन माणसं येऊन गेली, कोणाला बंद करता आला नाही. टप... टप... आणि थांबला. मग पुन्हा चटक-फरक, देव्हाऱ्याकडे. आणि मी त्याचा आवाज ऐकला, शपथेवर सांगते, अगदी रोजचा आवाज, जरासा लांबून, पाण्याखालून आल्यासारखा...

"कोण बसलंय इथे?"

टक्.

दाराखालची पट्टी गेली.

आता पुढचं मला सांगायलासुद्धा नको वाटतं. चार पावलं टाकली त्याने. थांबला. परत फिरला. दोन पावलं. भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज... खरखर, खरखर... अंधारात दार चाचपडतात ना, तसा. आधी हळू. मग घाईने. मग जिन्याजवळ. मग आमच्याच भिंतीच्या पलीकडून. आ-हंग रडायला लागला, मी त्याच्या तोंडावर रजई दाबली, कारण रडायचं नाही असं सांगितलेलं. आणि मग एकदम काहीच नाही.

पाच वाजून गेल्यावर खाली आलो. दारात, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, काळे कापडी जोडे. तेच. मी घातलेले. टाचा भिंतीला, चवडे बाहेर, तळव्यांना ओली माती, आणि ती माती सांडू नये म्हणून खाली तो कागद. मेला तरी बूट घालून आत आला नाही! त्याच्या निळ्या सपाता जागेवर नव्हत्या. पिठात सपातांचे ठसे, दारातून ताटापाशी, ताटापासून नळापाशी, तिथून देव्हाऱ्यापाशी, बटणापाशी... आणि बटणापुढे नुसते गोल गोल गोल. बाहेर जाणारं एकही पाऊल नाही.

गेलेल्या माणसाने गेल्यासारखं वागावं की नाही?

सेक मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "दिवा विझला होता का?"

"विझला नाही, मास्तर. त्यानेच बंद केला."

पलीकडे एवढी शांतता, की मला वाटलं मास्तरही गेले. मग म्हणाले, "हॉम बाई, मी चाळीस वर्षं हे बघतोय. उजेडाला घाबरलेले पाहिले, आरशाला घाबरलेले पाहिले. पण स्वतःच्या वाटेवरचा दिवा वीज वाचवायला बंद केलेला... हा पहिला." आणि मग आवाज बदलला त्यांचा. "आता त्याला दार दिसत नाही. सात साते, एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत त्याला बाहेर काढा. तो दिवस टळला तर दार त्याला कायमचं गेलं. मग तो ना तुमच्यात, ना त्याच्या आईवडिलांत. ना जेवण पोचायचं, ना हाक. नुसता भिंती चाचपडत राहील."

नुसता भिंती चाचपडत राहील! हे ऐकून कुठल्या बायकोला घास गिळेल?

आता बेचाळीस दिवस हातात. सून परत आली, म्हणाली, "आई, जुन्या घरातल्या वायरी अशाच असतात." चांगली आहे हो माझी सून, पण बँकेत काम करते ना, तिला प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. तिने सगळीकडे दिवे लावून टाकले, न्हाणीघरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कपाटात. कपाटात! आणि ती पुढे चालायची आणि तिच्या मागे एकेक खोली अंधारी व्हायची, जसं कोणी तिच्या मागोमाग काळं कापड ओढत नेतंय. तीन दिवसांनी ती मागे वळून बघायची बंद झाली. वायरीबद्दल बोलायचीही बंद झाली.

आ-हंगने बटणांवर चिकटपट्ट्या मारल्या, चांगल्या रुंद, बटणं वर, म्हणजे चालू, अशी जखडून. सकाळी बघतो तर सगळे दिवे बंद, आणि सतराच्या सतरा चिकटपट्ट्या नीट सोडवून फ्रिजच्या कडेला ओळीने चिकटवलेल्या. पुन्हा वापरता याव्यात म्हणून! बॅटरी लावून ठेवली, तर आतले सेल काढून सुया-दोऱ्याच्या डब्यात. मेणबत्ती लावली, तर वातीवर ओल्या बोटांची चिमूट, चुर्र, आणि खोलीभर त्याच्या गुडघ्याला चोळायच्या हिरव्या तेलाचा वास. मी अंधारात उभी राहून म्हटलं, "अहो, तुमच्यासाठीच लावलाय तो!" तर कोणीतरी माझ्या हातातली काडेपेटी काढून घेतली. ओढून नाही हं. हळूच. जशी लहान मुलाच्या हातातून काढतात. हात गार होता, पण नखं वाढलेली लागली मला... तेवढ्यात वाढली होती.

मग आ-हंगने ते नवीन दिवे आणले, कोणी हललं की आपोआप लागणारे, ज्यांना बटणच नाही. म्हणाला, "आता बघू बाबा काय करतात." काय करणार? तुम्हाला सांगते, मी जिन्याच्या तोंडाशी बसून पाहिलं. ओटी रिकामी. दिवा लागला. कोणी नाही. चटक-फरक दिव्याखाली आलं, आणि थांबून राहिलं, तेव्हा थोड्या वेळाने दिवा विझला. म्हातारा समाधानाने वळला... दिवा लागला! परत आला, उभा राहिला, विझला. वळला, लागला! मग घरातल्या बोळातला. मग जिन्यातला. एकेक दिवा पेटत होता आणि सपाता धावत होत्या, चटकफरक चटकफरक चटकफरक, ह्या टोकाहून त्या टोकाला, दुपारभर, आणि मला त्याची धाप ऐकू येत होती, हो, मेलेल्या माणसाची धाप! आधी मी हसले. खरं सांगते, बाहीने तोंड दाबून हसले. मग हसू थांबलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस तो... मी आ-हंगला म्हटलं, "काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ. बापाला पळवतोस?"

पाचव्या साताला, म्हणजे पस्तिसाव्या दिवशी, सून पडली.

जिन्यातून उतरत होती, वरून चौथ्या पायरीवर, आणि टक्. पाय घसरला. मी खाली उभी, माझ्या हातातून वाडगा सुटला, ती पुढे झुकली, पोटावर येणार... आणि मधेच थांबली. अर्धी हवेत. अशी, दंड वर, एका बाजूला कलती, जसं कोणी धरून ठेवलंय. मग पायरीवर बसली, हळूच. डॉक्टरने पोट तपासलं, सगळं ठीक. पण दंडावर पाच बोटं उठली होती, पांढरी, बर्फाने भाजल्यासारखी.

मी म्हटलं, "बघ, त्यांनी तुला सावरलं!"

"आई," ती म्हणाली, आणि आवाज कसा, तर चढलेला नाही, अगदी खालचा, "पाडलं कोणी?"

खरंच होतं ना ते.

"एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत मी थांबते, तुमच्यासाठी. त्या संध्याकाळी बाबा या घरात असले, तर आम्ही दोघं निघालो. बाळ या घरात येणार नाही. तुम्ही आमच्याबरोबर चला."

"चल ना आई," आ-हंग म्हणाला.

चल ना! सोपं आहे! म्हाताऱ्याला त्या अंधारात भिंती चाचपडत ठेवून मी सॅक्रामेंटोला जाऊन बसू? आणि इथे त्याच्यापाशी राहू, तर नऊ वर्षं नवस करून मागितलेलं नातवंड फोटोत बघू? तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? अं? नाही, सांगा ना! सगळे गप्प बसता इथे आलं की. गेलेल्या माणसाने गेल्यासारखं वागावं की नाही...

आणि एकोणपन्नासावा दिवस उजाडला. उजाडला कसला, तसंच धुकं. सेक मास्तरांनी वेळ तीच सांगितली, तीन ते पाच. सुनेच्या दोन पेट्या दारात भरून ठेवलेल्या. सेक मास्तर म्हणाले होते दार उघडं ठेवून आत मोठा दिवा लावा. मी लावत होते, तो विझवत होता. मी लावत होते, तो विझवत होता. सव्वातीन झाले. शेवटी मी खुर्चीत बसले, त्याच्याच, आणि म्हटलं, नाही लावत जा. बस अंधारात. आणि तेवढ्यात सपाता निघाल्या, चटक-फरक, घाईघाईने, मागच्या बोळाने, गॅरेजच्या दाराकडे. मी आ-हंगला विचारलं, "गॅरेजात कोण आहे?" तो म्हणाला, "कोणी नाही, मी पेटी काढली तेव्हा दिवा चालू राहिला असेल." टक्! ऐकू आलं.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सहा आठवडे आम्ही त्याच्या तोंडासमोर दिवे धरत होतो! अहो, दिवा बघून हा माणूस आयुष्यात कधी थांबला होता? दिवा बघून तो चालायला लागतो! त्याला उजेडात दार दाखवायचं नाही, दाराच्या पलीकडे उजेड वाया जाऊ द्यायचा!

"हंग! घरातले सगळे बंद कर. सतराच्या सतरा. आणि दाराबाहेरच्या ओट्यावरचा लाव. बाहेरच्या भिंतीवरचा लाव, त्यांची बटणं बाहेरच आहेत. तुझी गाडी रस्त्यावर काढ, तिचे दिवे लाव, आणि उतरून लांब हो!"

पोराने पहिल्यांदा काही न विचारता ऐकलं.

घरात अंधार. दार सताड उघडं. मी दाराच्या आड भिंतीला पाठ लावून. आणि बोळातून आला तो... चटक-फरक... चटक... माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. हिरव्या तेलाचा वास. ओल्या मातीचा वास. बाहेर ओट्यावर दिवा जळत होता, आणि तिथे कोणीही बसलेलं नव्हतं. मला त्याचं कुढणं कळत होतं हो, अंधारातसुद्धा कळत होतं. पण बाहेर कसा जाईल? पायात सपाता! कण्हत खाली वाकला. कंबर दुखायची त्याची वाकताना, मीच घालून द्यायची बूट शेवटची दोन वर्षं. हात पुढे गेला माझा, तसाच मागे घेतला, कारण हात लावायचा नाही असं सांगितलेलं. एक जोडा. बराच वेळ गेला. दुसरा जोडा. मग निळ्या सपाता दिसल्या मला, बाहेरच्या उजेडात, भिंतीला टाचा लावून ठेवलेल्या, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं.

ओट्यावरचा दिवा गेला. भिंतीवरचा गेला. मग गाडीचे दोन्ही, आधी डावा, मग उजवा.

"आई, दार!" आ-हंग रस्त्यापलीकडून दबक्या आवाजात ओरडतोय, "मास्तर म्हणाले होते लगेच दार लावायचं! बघत थांबू नका म्हणाले होते!"

म्हणाले असतील. मी उंबऱ्यावर उभी राहिले.

धुकं दाटलं की आमच्या रस्त्यावरचे दिवे दुपारीच लागतात, तुम्हाला माहीत आहे. ते सरकारी दिवे, त्यांना बटण नाही, खांबाला काही नाही. समोरच्या खांबावरचा दिवा फडफडला, आणि विझला. मग त्याच्या पुढचा. थोड्या वेळाने त्याच्या पुढचा. एका खांबाहून दुसऱ्या खांबापर्यंत डावा पाय ओढत जायला माणसाला जेवढा वेळ लागेल, बरोबर तेवढ्या वेळाने. समुद्राच्या बाजूला, उताराने, एकेक, एकेक. समोरच्या डोलन बाई खिडकीतून ओरडायला लागल्या, "दिव्यांना काय झालं? कोण करतंय हे?" मी म्हटलं, "आमच्या घरचेच आहेत, जाताहेत आता." त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. खिडकी लावून घेतली त्यांनी.

आठ दिवे गेले. नववा, शेवटचा, जिथे रस्ता संपतो आणि वाळू लागते. मी वाट बघत राहिले. आ-हंग माझ्याजवळ आला, आम्ही दोघंही बघत राहिलो. नववा विझेना.

"आई, तो एक राहिला."

"राहू दे," मी म्हटलं आणि दार लावलं.

सुनेच्या पेट्या मीच आत ओढल्या. मुलगी झाली, वजनदार, मोठ्या कपाळाची, महिना पूर्ण झाला तेव्हा घरभर बाळंतिणीसाठी शिजवलेल्या आलं-व्हिनेगरचा आणि डुकराच्या पायांचा वास, वरून खाली सगळी माणसंच माणसं. घर शांत आहे. दिवा लावला की लागलेला राहतो. सून खूश. नळ पुन्हा टपकतोय.

आणि तो नववा दिवा जळतोय! त्या दिवसापासून. भर दुपारी, कडक ऊन असताना, रस्त्यावरचे बाकी सगळे बंद, आणि तो आपला चालू. सरकारी माणसं शिडी घेऊन आली, बल्ब काढला, नवा घातला, तो लागलेलाच. वायर तोडली म्हणे. तरी लागलेला. आ-हंग म्हणतो, आई, काहीतरी बिघाड आहे. असेल बाबा. मी रोज सकाळी नातीला बाबागाडीत घालून तिथपर्यंत जाऊन येते. खांबाखाली वाळूत काळ्या जोड्यांचे ठसे असतात, शेजारी शेजारी, हलत नाहीत, वारा एवढा सुटतो पण बुजत नाहीत. चवडे आमच्या घराकडे. त्याच्याच शेजारी, तुम्हाला सांगते, एका माणसापुरती जागा सोडलेली.

मला काय कळत नाही होय, तो कोणासाठी चालू ठेवलाय? मीच काय ती वाट चुकणारी. मी त्याला म्हटलंही, अहो, बंद करा, मी येईन चाचपडत, सवय आहे मला. ऐकत नाही. आणि इकडे सून दर महिन्याला माझं रक्त तपासून आणते आणि कौतुकाने सांगते, "आई, डॉक्टर म्हणाली, तुम्ही अजून वीस वर्षं कुठे जात नाही!"

वीस वर्षं! आता तुम्हीच सांगा, तो जळता दिवा त्याला वीस वर्षं बघवणार आहे का?